इथं राहायला येणार का?

मेलबर्नला आल्यापासून आम्ही भाड्याचं घर शोधत होतो. त्या शनिवारचं हे तिसरं घर. माझा नवरा निखिल एजंटला स्टेशन किती लांब आहे ते विचारत होता. शाळा जवळ होती, भाडंही परवडणारं होतं. मी मात्र स्वयंपाकघराच्या खिडकीतून रस्ता बघत होते. इतक्या वेळात एकही माणूस दिसला नव्हता. निखिल कामावर गेल्यावर मला किंवा सहा वर्षांच्या मुक्ताला काही झालं, तर हाक कुणाला मारायची? उपनगराची सगळी माहिती मिळते, एवढीच मिळत नाही.

तेवढ्यात समोरच्या घरातून एक म्हातारी बाई कचऱ्याचा मोठा डबा ओढत बाहेर आली. मध्येच दम लागून थांबली. तिनं रस्त्याच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं. कुणीच नव्हतं.

मी धावत गेले, डबा कडेला लावून दिला. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

"इथं राहायला येणार का तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. निखिलला न विचारताच.