तीन नंबरला काहीतरी वाजतंय

"बाई, तुमी आधी नाव सांगा. मग गाव. मग काल काय जेवलात ते," असं म्हणून ते डोळे मिटायचे आणि उजव्या हाताचं एक बोट हवेत धरायचे. बोट खाली आलं की समजायचं, आपला आवाज जागेवर बसला.

कर्जतच्या बाजारात, फरसाणाच्या दुकानावरच्या खोलीत त्यांचा रेकॉर्डिंग स्टुडिओ होता. तुम्ही आमच्या भागातले असाल आणि मोबाइलवर हळदीची गाणी ऐकली असतील, तर त्यातली बरीचशी त्याच खोलीतली. मी कळंबच्या शाळेत शिकवते. मुलांसाठी कविता रेकॉर्ड करायला रविवारी दुपारी तिथे जायची.

माइक आणि कॉम्प्युटर यांच्या मधे एक डबी असायची, तिला चार माइक जोडता यायचे. पडद्यावर प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी. कुठल्या पट्टीनं कुठल्या माइकचं ऐकायचं, हे नेमून देणं त्यांचं सगळ्यात आवडतं काम. "इथं चुकलं तर पुढं सगळं चुकलं," म्हणायचे. एका आजींनी काल सुकट खाल्ली म्हणून सांगितलं आणि ती कशी केली तेही सांगत बसल्या. यांनी त्यांना मधे तोडलं नाही. वाटणापर्यंत सगळं रेकॉर्ड करून घेतलं.

गेल्या उन्हाळ्यात एका रविवारी ते बोट हवेतच राहिलं.

"तीन नंबरला काहीतरी वाजतंय, बाई."

तिसरी पट्टी काळी होती. आवाज असता तर तिच्यावर हिरवं हललं असतं. मी हेडफोन लावून पाहिला, काही नव्हतं. त्यांनी वायर बदलली. पुढच्या रविवारी माइक बदलला. मग खालच्या दुकानदाराला विनवून त्याचा फ्रीज बंद ठेवायला लावला. मग इमारतीमागे खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून नवं अर्थिंग केलं. गुणगुण वाढतच गेली, आणि ती फक्त त्यांनाच ऐकू येत होती.

मग खालापूरच्या एका भजनी मंडळाचं रेकॉर्डिंग बिघडलं. दोन पट्ट्यांना त्यांनी एकच माइक नेमला होता. दोन्हींत मृदंग, आणि बुवांचा आवाज कुठेच नाही. मंडळी भांडली नाहीत. परत आली नाहीत, इतकंच.

त्यानंतर मी गेले तेव्हा ते जिन्यातल्या मीटरपाशी उभे होते. मला आत बसायला सांगून त्यांनी मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, पडदा काळा झाला. ते आत आले आणि माझ्यासमोर बसले.

"आता येतोय आवाज?"

"नाही."

"मला येतोय. लाइट नाय, माइक नाय. तरी हाय."

गुणगुण त्यांच्या कानातच होती. ते म्हणाले, "घरी कोण सांगंल?"

मीच सांगितलं, त्यांच्या बायकोला, वहिनींना. वहिनी पोळ्या लाटत होत्या. त्यांनी हातातली पोळी पुरी केली, मग गॅस बंद केला.

पनवेलच्या डॉक्टरांना उजव्या कानाच्या नसेवर गाठ सापडली. ती काढावीच लागली आणि तिच्याबरोबर त्या कानाचं ऐकणं गेलं. डावा कान तरुणपणी लग्नांत लाउडस्पीकर लावता लावता केव्हाच गेला होता. इतकी वर्षं ते एकाच कानावर काम करत होते, हे वहिनींनाही माहीत नव्हतं. स्टुडिओला कुलूप लागलं.

परवा खालापूरला तहसील कचेरीबाहेर ते एकटेच दिसले. अंगानं निम्मे झालेले. मला ओळखून हसले, बोलू लागले, पण नुसते ओठ हलत होते. आपला आवाज बाहेर पडत नाहीये हे त्यांना कळत नव्हतं. मी सगळं ऐकल्यासारखी मान हलवत राहिले. मग ते समाधानानं रस्त्याकडे वळले.

मागून एक टेंपो हॉर्न देत आला. ते रस्त्याच्या मधोमध, सावकाश चालत होते. मी धावत जाऊन त्यांना दंडाला धरून ओढलं. टेंपो माझ्या पदराला घासून गेला. ते दचकून वळले, माझा हात घट्ट धरला आणि काहीतरी म्हणाले. मागच्या गाड्यांच्या हॉर्नमध्ये मला ते ऐकू आलं नाही.