घरपोच मीटिंग

वर्ध्यात मी तीस वर्षं अकरावी-बारावीच्या पोरांना अर्थशास्त्र शिकवलं. वाचल्याशिवाय कुठंही सही करायची नाही, हे मी दरवर्षी टेबलावर हात आपटून सांगायचो. पोरं बिचारी वहीत उतरवून घ्यायची.

रिटायर झालो आणि गावातल्या एका पतसंस्थेनं मला संचालक केलं. मलाच का, हा प्रश्न काही मला पडला नाही. बोर्डावर नाव लागलं तेव्हा मी ते रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उभं राहून पाहिलं आणि लगेच दोन सफारी शिवायला टाकले. बायको म्हणाली, "भाजीवाला रोज फसवते तुमाले, अन् तुमी ब्यांक चालवता का?" मी तिच्याकडे साफ दुर्लक्ष केलं.

पहिल्या दोन मीटिंगा खरोखर झाल्या. आलूबोंडे झकास होते. मग अध्यक्ष म्हणाले, "सर, उन्हातान्हात कायले येता? रजिस्टर घरीच पाठवतो." तेव्हापासून दर महिन्याला शिपाई ठरावांचं जाडजूड रजिस्टर घेऊन दारात यायचा. मी दाढीचा साबण तसाच ठेवून, नाहीतर पेपर बाजूला सारून सही ठोकायचो. पेपर मात्र पार निधनवार्तांपर्यंत वाचायचो. कुठं घोटाळ्याची बातमी दिसली की बायकोला मोठ्यानं ऐकवायचो आणि वर म्हणायचो, "लोक डोळे मिटून बसतात, दुसरं काय!" शिपाई रजिस्टर काखेत धरून ऐकत उभा असायचा.

त्या सह्यांवर अध्यक्षांच्या साळ्याला, भाच्याला आणि कागदावरच असलेल्या एका कापसाच्या जिनिंग मिलला कर्जं गेली. एका सकाळी संस्थेला कुलूप लागलं. चौकशीला बोलावलं तेव्हा साहेबानं विचारलं, "सर, तुम्ही कोणता विषय शिकवायचात?" मी म्हटलं, अर्थशास्त्र. त्यानं ते लिहून घेतलं. हसला असता तर मला बरं वाटलं असतं.

अध्यक्ष आत गेले. माझ्या वाट्याला 'निष्काळजी' एवढाच शेरा आला. मी जवळजवळ खुशीतच घरी आलो. चोर नाही, नुसता गाढव ठरलो, असं बायकोला सांगितलं. "ते तं मले लग्नापासून ठाऊक हाय," ती म्हणाली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक बाई राहते. सेवाग्रामच्या दवाखान्यात साफसफाईचं काम करते. टिनाच्या घरावर स्लॅब टाकायचा म्हणून साठवलेले सगळे पैसे तिनं आमच्या संस्थेत ठेवले होते. तिच्या अंगणात कॉलम उभे आहेत, वर निघालेल्या सळाखी गंजून लाल झाल्यात. वर्ध्याचा मे महिना ती टिनाखाली काढते. ते दिसू नये म्हणून मी भाजीला मागच्या गल्लीनं जायला लागलो होतो. एवढी हिंमत माझी.

परवा तीच दारात आली. शिव्या देईल म्हणून मी मान खाली घालून तयार झालो. पण तिच्या हातात ठेवीदारांचा अर्ज होता. थोडेबहुत पैसे परत मिळतील म्हणे, आणि त्यावर ओळखीच्या शिकलेल्या माणसाची सही लागते. "गल्लीत शिकलेले तुमीच आहा," ती म्हणाली. ती टोमणा मारत नव्हती, हेच मला सोसेना.

मी तिला खुर्ची दिली. चष्मा शोधला आणि अर्ज वाचायला घेतला. ओळीवर बोट ठेवून वाचला. खात्याचा नंबर पासबुकाशी दोनदा ताडून पाहिला. मागच्या पानावरच्या बारीक अक्षरातल्या अटीही सोडल्या नाहीत. ती घड्याळाकडे पाहत होती. मी पुन्हा पहिल्या पानावर आलो.

"आता काय वाचून राह्यले, सर," ती म्हणाली. "करा सही. मले डूटीवर जाचं हाय."