शिळी कंडरा

बायको फुलांची पाटी घेऊन बांधावरून घसरली, तेव्हा गंगापूर धरणातलं पाणी हिंदकळलं, असं मी आजही सांगतो. गुडघ्यातली दोन लिगामेंट तुटली. डॉक्टर म्हणाले, "दान केलेली कंडरा बसवू. गोठवून ठेवलेली असते." कंडरा म्हणजे मांस हाडाला बांधणारी दोरी.

घरी आल्यावर ती म्हणाली, "मेलेल्या माणसाची चालंल. शिळी नाय चालणार."

आमच्याकडे फ्रीजमध्ये रात्र काढलेली भाजीसुद्धा गाईच्या पुढ्यात जाते. तिथं महिनोन्‌महिने गोठलेली दोरी अंगात कोण घेईल? पण ऑपरेशन नाही, तर वाफ्यात उकिडवं बसणं कायमचं संपलं. फुलं खुडायला न मिळाल्यामुळे पलंगावरून ती मलाच खुडत होती, आणि माझी पाठ वळली की गुडघ्याकडे बघत बसायची. ते मला बघवेना.

तिची खात्री पटवायला देवळाली कॅम्पच्या खाटकाकडून बोकडाच्या कंडरा आणि मांसाच्या पट्ट्या आणल्या, पंधरा दिवस फ्रीझरमध्ये ठेवल्या. मग तशाच ताज्या आणायला गेलो. खाटीक म्हणाला, "काका, रस्सा करताय का झोका?"

पलंगासमोर छताच्या कडीला आधी मांस टांगलं, त्याला खाली बादली अडकवली, तिच्यात तांब्या तांब्या पाणी. ताज्या पट्टीनं बरंच सोसलं. गोठवून वितळवलेली तिसऱ्याच तांब्याला फाटली.

"बघा. शिळं ते शिळंच."

मी फाटलेली पट्टी तिच्या हातात दिली. म्हटलं, "अगं, मांसात पाणी फार. त्याचा बर्फ होतो आणि धागे उसवतो. कंडरा घट्ट पिळाची. एकदाच गोठवली, एकदाच वितळवली, तर फारसं बिघडत नाही."

"हे डॉक्टर म्हणले का तुम्ही?"

"डॉक्टर."

"मग टांगा."

ताज्या कंडरेनं भरली बादली पेलली. गोठलेलीनंही पेलली. दुसरी बादली अडकवली, तीही पेलली. मनमाडहून रेल्वेचं इंजिन मागवणारच होतो, पण तिनं कंडरा सोडायला लावली, दोन्ही मुठींत धरून खच्चून ओढली. आयुष्यभर जुड्या बांधलेले हात ते. कंडरा तसूभरही ताणली गेली नाही.

मग ती कंडरा बोटांनी चाचपत राहिली.

"मला बसवतील ती कोणाची असंल हो?"

"नाव सांगत नाहीत."

"नाव नको. त्यांच्या घरच्यांना एवढं कळवता येतं का विचारा, का ती दोरी परत कामाला लागली."

मी डॉक्टरांना फोन लावला. ऑपरेशनची तारीख नंतर ठरवली, आधी हे विचारलं.