बेबाबाईचं तोंड

आमची केळी तोलून घेताना व्यापारी वजनाच्या पारड्याला हळूच पाय लावतो, हे आमच्या पहूरमध्ये सगळ्यांना माहीत होतं. बोलायची ती एकटी बेबाबाई. "भाऊ, पाय बी मापात धरला का? मग पायाचे वेगळे पैसे द्या." व्यापारी पाय काढून घ्यायचा. नवरा चुडामण मान खाली घालून हसायचा. तिचं माहेर धुळ्याकडचं. एरवी ती आमच्यासारखंच बोलायची, पण राग डोक्यात गेला की माहेरची अहिराणी सुरू व्हायची.

१९९४ सालच्या दिवाळीआधी तिच्या पोटात गाठ निघाली. जळगावला एका डॉक्टरांनी नवं यंत्र आणलं होतं. पोटाला बारीक भोकं पाडायची, एका नळीतून छोटा कॅमेरा आत सोडायचा आणि टीव्हीच्या पडद्यावर बघून गाठ काढायची. पोट फाडायला नको, महिनाभर अंथरूण नको. ऑपरेशन छान झालं. बेबाबाई चौथ्या दिवशी घरी आली आणि अख्ख्या गल्लीला सांगत सुटली, "डॉक्टरनं माझं पोट टीव्हीत पाहिलं."

ते पोट कॅसेटमध्येही भरलं होतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कॅसेट करण्यात वावगं काही नव्हतं. अशा कॅसेटी पाहूनच दुसरे डॉक्टर शिकतात. पण रेकॉर्डिंगसाठी डॉक्टरांनी बोलावलं लोटनला, आणि लोटनचा धंदा लग्नाच्या शूटिंगचा. लग्नाची कॅसेट सुरू कशी होते? आधी नवरीचं तोंड, अगदी जवळून. मग कपाळ, मग गळा, मग हात. लोटनचा हात त्याच वळणाचा. टेबलावर बेशुद्ध पडलेल्या बाईवरही तो त्याच क्रमानं फिरला. त्यानंतर नळीतल्या कॅमेऱ्याचं चित्र. वर डॉक्टरांचं नाव सोनेरी अक्षरांत, आणि मागे सनई, कारण लोटनकडे तीच होती.

डॉक्टरांनी ती कॅसेट केबलवाल्याला दिली. आरोग्याचा कार्यक्रम म्हणे. जाहिरात म्हणायची लाज वाटली असेल. जळगावच्या केबलच्या कॅसेटी एसटीनं गावोगाव जायच्या. रविवारी सकाळी पहूरमध्ये लागली.

"अक्का, पळा! तुम्ही टीव्हीत आल्या!" शेजारची शेवंताबाई ओरडत आली.

बेबाबाई पदर सावरत हसतच गेली. खोली बायकापोरांनी भरलेली. पडद्यावर तीच होती. तोंड उघडं, ओठाच्या कडेला लाळ, केस हिरव्या टोपीत कोंबलेले. ऑपरेशनआधी नर्सनं कुंकू पुसलं होतं, मंगळसूत्र काढून चुडामणच्या हातात दिलं होतं. कोरं कपाळ आणि मोकळा गळा, दोन्ही पडद्याएवढे मोठे. मागे सनई.

मग भिंतीला टेकलेल्या एका म्हातारीनं, जिला धड दिसतही नव्हतं, विचारलं, "चुडामण बरा आहे ना गं?"

एक पोरगी फिसकन हसली. बेबाबाई उठली आणि घरी गेली. चुडामण दारातच होता. त्याला बघून ती थांबली, मग आत निघून गेली.

तीच कॅसेट गुरुवारी संध्याकाळी पुन्हा लागणार होती. त्याआधी आपलं तोंड त्यातून काढायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं. सोमवारी चुडामणला घेऊन ती जळगावला लोटनच्या दुकानात गेली.

"तोंड का घेतलं?"

"सवय आहे अक्का. लग्नात आधी नवरीच घेतो ना आपण."

"मी काय तुन्हा घरनी नवरी व्हतू का रे?"

लोटननं हात जोडले. "तोंडाचा तुकडा पुसता येतो. त्यावर काळं रेकॉर्ड केलं की झालं. पण कॅसेट डॉक्टरसाहेबांची. त्यांनी हो म्हणायला पाहिजे."

तिथून ते दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी दोघांना बाहेर बसवलं, सगळे पेशंट संपल्यावर आत घेतलं.

"बाई, हे विज्ञान आहे. त्यात लाजायचं काय?"

"पोट राहू द्या. गाठ दाखवा, नळी दाखवा, दुनियेला दाखवा. तोंड तेवढं काढा."

"चेहरा दिसला की लोकांचा विश्वास बसतो. खरा पेशंट आहे, हे कळतं. आणि टीव्हीवर यायला लोक धडपडतात, तुम्हाला तर घरबसल्या मिळालं."

"माले कोन्ही इचारं?"

"तुम्हाला बरं केलं की नाही?"

चुडामण पहिल्यांदाच बोलला. "साहेब, मी जिवंत आहे."

डॉक्टरांना ते कळलंच नाही. त्यांना कळणार कसं? माणसाच्या आतलं सगळं त्यांना पडद्यावर दिसत होतं, आणि समोर उभा माणूस दिसत नव्हता. त्यांनी घंटी वाजवली आणि पुढच्या महिन्यात तपासणीला यायला सांगितलं.

गुरुवारी कॅसेट लागली. तोंडासकट, सनईसकट.

पुढच्या महिन्यात बेबाबाई तपासणीला गेली. सांगितलेलं चुकवणारी ती नव्हती. टेबलावर चढली, पोट उघडं केलं आणि पदर डोक्यावरून ओढून हनुवटीखाली मुठीत धरला. डॉक्टरांनी भोकांच्या खुणा दाबून पाहिल्या. बऱ्या झाल्या होत्या.

"आता डोळे बघू. रक्त कमी आहे का ते कळेल."

पदर हलला नाही.

"बाई, तोंडावरचा पदर काढा. जीभ बघायची आहे."

मूठ आणखी घट्ट झाली. पदराच्या आतून आवाज आला, आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांना तो ऐकू गेला.

"मन्हं तोंड तुमना कॅसेटमा शे. तठेच देखी ल्या."