इसाबेलच्या उंचीची होडी

पास्कल उंचीने माझ्या खांद्याला लागायचा, पण कुठल्याही दारातून आत येताना मान खाली घालायचा. ऑफिसचं काचेचं दार असो, कोपऱ्यावरचं हॉटेल असो, नाहीतर चर्चचा हत्ती जाईल एवढा दरवाजा असो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, माणूस फार नम्र आहे. महिन्याभरात तो गैरसमज दूर झाला.

अंधेरीला एका फर्निचरच्या कंपनीत आम्ही बरोबर होतो. मी विक्री बघायचो, तो कपाटांची ड्रॉइंग करायचा. गिऱ्हाइकाने मोठं कपाट मागितलं की पास्कल टेप घेऊन आधी त्यांचा जिना मोजायचा, मग दार, आणि भिंत सगळ्यात शेवटी. "आधी दार बघायचं, सावंत. कपाट काय, कुठंपण उभं राहील. आत जाणार कसं ते बोल." या वाक्यापायी माझ्या मोठमोठ्या ऑर्डरी लहान झाल्या आणि आमची भांडणंही झाली. पण त्याचं एकही कपाट कधी जिन्यात अडकलं नाही, आणि हे तो जेवणाच्या सुट्टीत न विसरता सांगायचा.

रिटायर झाल्यावर तो मनोरीला आपल्या गावच्या घरी गेला आणि होडी बांधायला बसला. सुट्टीला येणाऱ्या पाहुण्यांना भाड्याने द्यायची, खाडीतून फिरवून आणायची.

"तुमची तर शेती होती. होडीतलं तुला काय कळतं?" मी विचारलं.

"पाण्यावरचं कपाट रे," तो म्हणाला.

भाडं हे निमित्त होतं. खरं कारण त्याची बायको, इसाबेलवहिनी. पाठीच्या ऑपरेशननंतर तिला वाकता येत नव्हतं आणि रिक्षाचे हादरे सोसत नव्हते. तिचं माहेर खाडीच्या वरच्या अंगाला. आई तिथे अंथरुणाला खिळलेली, आणि लेकीला वर्षभर जाता आलं नव्हतं. पास्कलने शब्द दिला होता की तुला खुर्चीत ताठ बसवून, सावलीतून, पाण्याने नेईन. अडचण एकच. वाटेत एक बुटका पूल होता.

गावातले लोक म्हणायचे, छप्पर दुमडतं कर. पास्कल त्यांना हात जोडायचा. "छप्पर दुमडेल रे. इसाबेल कशी दुमडू?"

म्हणून होडीचं डिझाइन वहिनीपासून सुरू झालं. तिला खुर्चीत बसवून त्याने जमिनीपासून अंबाड्यापर्यंत माप घेतलं. मग खुर्चीचे पाय कापले, होडीचा तळ खाली नेला, छप्पर फळीसारखं सपाट ठेवलं. भरती-ओहोटी बघून पुलाखाली टेप लावत बसला. "पूल म्हणजे पाण्यावरचं दार," असं तो म्हणायचा. वहिनीचं म्हणणं वेगळं होतं. "माझ्या लग्नाच्या झग्याला पण एवढी मापं लागली नव्हती."

फादरनी होडीला आशीर्वाद दिला आणि पहिल्या फेरीला माझ्यासकट अख्खी वाडी चढली. अशा दिवशी नाही कोणाला म्हणणार? होडी पुलाखालून गेली तेव्हा वर चार बोटं जागा उरली. वहिनी ताठ बसली होती. मान खाली घातली ती फक्त पास्कलने. माहेरी आईने लेकीचे गाल दोन्ही हातांत धरले, दोघी खूप रडल्या, आणि मग जेवण असं रंगलं की वाडी तिथेच आडवी झाली. "आम्ही रस्त्याने येतो, तुम्ही व्हा पुढे." परत निघालो ते आम्ही तिघंच.

पुलाजवळ आलो आणि पास्कलने एकदम होडी थांबवली. पाणी त्याच्या हिशेबाप्रमाणे जातानाइतकंच होतं, पण माणसं उतरली होती आणि होडी वर आली होती. छप्पर सरळ पुलाच्या तुळईशी नजर भिडवत होतं. जन्मभर कपाटं केली, पण रिकामं झालं की कपाट उंच होतं, हे त्याने कुठे पाहिलं असणार? त्यात भरतीचं पाणी चढत होतं, आणि काठाला नुसता चिखलाचा उतार. वहिनीला तिथून चढवणं शक्य नव्हतं.

"वाट लागली," मी म्हणालो.

पास्कलने वर बघून पुलावरून जाणाऱ्यांना हाक मारली. "ए, होडीत कोण कोण येतंय? फुकट हाय."

चिखल तुडवत दोन कोळणी आल्या, क्रिकेट खेळून परतणारी टोळी आली, एक दूधवाला आला. "कॅन पण घे, कॅन पण घे," पास्कल ओरडत होता. एकेक जण चढला की तो छपराकडे बघायचा. "अजून एक जाडा बघा कुणी." वहिनी म्हणाली, "हसवू नका रे, पाठ दुखते." शेवटी होडी पुरेशी खाली बसली आणि आम्ही पार झालो. पलीकडे पोचल्यावर पास्कल मला म्हणाला, "डिझाइन बरोबर हाय. माणसं कमी पडली."

वाळूची पोती भर, असं मी नंतर सुचवलं. "पोती उचलायची कोणी? माणसं आपली आपण चढतात, आपली आपण उतरतात." तेव्हापासून फेरी निघाली की वाडीतली मंडळी चपला घालून तयार. एकदा नवं लग्न झालेलं जोडपं आलं. त्यांना खाडीत निवांत बसायचं होतं. पास्कलने त्यांच्याबरोबर दहा माणसं चढवली. पूल येईपर्यंत त्यातल्या मावशांनी नवरीला मुलांची नावंसुद्धा सुचवली होती.

वहिनी मात्र दर रविवारी आईला भेटू लागली. म्हातारीने डोळे मिटले तेव्हा लेक उशाशी होती. त्या दिवशी पास्कल मला म्हणाला, "होडीचं काम झालं." तरी माहेरची रविवारची फेरी त्याने बंद केली नाही.

गेल्या वर्षी पास्कल झोपेतच गेला. मला त्याचा फार राग आला, असं न सांगता कोणी जातं का? चर्चमध्ये महिन्याची मिस्सा झाल्यावर वहिनी म्हणाली, माहेरी जाऊन येते. कोणी कोणाला बोलावलं नाही, पण वाडी जेट्टीवर हजर होती. मीही चढलो. दर फेरीला असणाऱ्या त्याच्या पुतण्याने होडी काढली, भरती-ओहोटी बघून, नेहमीच्याच पाण्यावर.

पुलाखाली छप्पर घासलं. आधी कधीच घासलं नव्हतं. होडीत एक पास्कल कमी होता. आम्ही सगळ्यांनी नकळत माना खाली घातल्या. वहिनी ताठ बसून वर बघत राहिली. पार झाल्यावर तिने डोळे पुसले आणि माझ्याकडे वळली.

"सावंतभाऊ, पुढच्या रविवारी या. आणि येताना जेवून या."

बोरीवलीहून निघताना मी हल्ली दोन चपात्या जास्तच खातो.