शेजारच्या गाळ्यातली मशीन

दिलीपराव म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीचे, जयमालाचे यजमान. रबाळ्याच्या एमआयडीसीत त्यांचा स्प्रिंगांचा गाळा होता. होता म्हणावं लागतं, त्याला मी कारण आहे, म्हणून हे लिहायला बसलो.

विसाव्या वर्षी ते कऱ्हाडहून आले, दुसऱ्याच्या कारखान्यात काम शिकले आणि चाळिशीत स्वतःचा गाळा घेतला. गाळा कसला, दोन म्हशी बांधल्या तर तिसरीला जागा नाही. आत एक जुना लेथ. त्यावर हाताने तार वळवून हा माणूस स्प्रिंग करायचा, दोन बोटांत दाबून बघायचा आणि 'जरा कडक झाली' म्हणून बाजूला टाकायचा. मला त्यातला फरक कधीच कळला नाही. हातात एवढी कला, पण बोलण्याच्या नावाने शंख. गिऱ्हाइकापुढे उभे राहिले की तोंडी परीक्षेला आल्यासारखे.

पुढे कंपन्या ऑटोमॅटिक मशीनवर हजारांनी स्प्रिंगा करून घेऊ लागल्या आणि दिलीपरावांकडे आठवड्याला एखादा माणूस फिरकेना. गाळा विकायचा विषय घरात निघाला. तेव्हा त्यांची मुलगी श्रुती म्हणाली, "बाबा, मला सहा महिने द्या. लोकांना तुम्ही सापडत नाही, एवढाच प्रॉब्लेम आहे." ती ऐरोलीला आयटीत आहे. तिने गाळ्याचं पान इंटरनेटवर टाकलं. मी हसलो होतो. म्हटलं, तारेचं भेंडोळं कोण शोधतंय इंटरनेटवर?

लोक शोधत होते. लुधियानाहून कुणाला जुन्या स्कूटरसाठी चार स्प्रिंगा हव्या होत्या, पनवेलच्या एका डॉक्टरला खुर्चीसाठी दोन. दिलीपराव कुरिअरचं पाकीट स्वतः चिकटवायचे आणि पिनकोड तीनदा तपासायचे. पाचव्या महिन्यात इंदूरहून एका बाईंचा निरोप आला. जुन्या शिलाई मशिनी दुरुस्त करून त्या इंटरनेटवरच विकायच्या. त्यांना दर महिन्याला काम द्यायचं होतं, पण आधी व्हिडिओ कॉलवर कारखाना बघायचा होता. हे काम मिळालं असतं तर गाळा विकायची गरजच उरली नसती.

कॉलच्या दिवशी श्रुतीला ऑफिसातून निघता येईना, म्हणून जयमालाने मला पाठवलं. मी उलव्याहून सकाळीच पोचलो. न्हावा शेव्याला कस्टम एजंटकडे तीस वर्षं कारकुनी केली आहे मी. कागद नीटनेटका असला की आतला माल सहसा कोणी उघडत नाही, एवढंच त्या तीस वर्षांत शिकलो. त्या नजरेने गाळ्याकडे पाहिलं. भिंती काळ्या, लेथ माझ्या वयाचा.

शेजारी मितेश पाटील या गोठिवलीच्या पोराचा गाळा. फरशी चकचकीत, मध्ये नवीकोरी ऑटोमॅटिक मशीन. मी त्याला कॉलपुरता गाळा मागितला, तर म्हणाला, "वापरा की काका. दुपारी बंदच हाय."

दिलीपराव तयार होईनात. "नाना, हे बरं नाही. मशीन त्याची आहे."

"दिलीपराव," मी म्हटलं, "तुम्ही जयमालाला बघायला आलात, तेव्हा ज्या कपातून चहा प्यायलात तो वरच्या कुलकर्ण्यांचा होता. सोफासुद्धा त्यांचाच. बिघडलं काही?"

ते हसले आणि तिथेच फसले.

कॉल जेमतेम चार मिनिटं चालला. फोन मी धरला होता. बाईंनी मशीन पाहिली आणि विचारलं, "ये आपकी है?" दिलीपरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली. "हां जी, अपनी ही है." बाईंनी विचारलं, "और कुछ दिखाना है?" दिलीपराव म्हणाले, "नहीं, बस यही." बाईंनी आभार मानून फोन ठेवला. मी खुशीत येऊन मितेशलाही वडापाव खाऊ घातला.

शनिवारी मी जयमालाकडे जेवायला होतो. श्रुती आली ती फोन हातात घेऊनच. बाईंचं उत्तर आलं होतं. तिने वाचून दाखवलं, 'तुम्ही लिहिलंत ते आणि आम्ही पाहिलं ते जुळत नाही. आपण इथेच थांबू.'

"मी त्यांना आधीच सगळं कळवलं होतं," श्रुती म्हणाली. "बाबा एकटे आहेत, जुन्या लेथवर हाताने करतात. त्यांना एकेका जातीचे वीसच नग हवे होते. वीस नगांसाठी मोठी मशीन कोणी लावत नाही. बाबांचा लेथ बघायलाच तर फोन केला होता त्यांनी." मग वडिलांकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही दुसऱ्याची मशीन का दाखवलीत? तुम्हाला आपल्या गाळ्याची लाज वाटते?"

दिलीपरावांनी हातातला घास ताटात ठेवला. "चुकलं माझं," एवढंच म्हणाले. माझं नाव घेतलं नाही, माझ्याकडे पाहिलंही नाही. जयमाला आमटी वाढायला आली, आणि मी ताट पुढे केलं.

श्रुतीने बाईंना माफीचं पत्र लिहिलं, त्याला उत्तर आलं नाही. तिने ते पानही काढून टाकलं. वडिलांशी ती महिनाभर धड बोलत नव्हती. दिवाळीआधी गाळा गेला. दिलीपराव आता महाप्याला एका कारखान्यात दुसऱ्यांनी केलेला माल तपासतात. भेटले की 'नाना, कसे आहात' म्हणून आधी माझीच चौकशी करतात. श्रुतीला मात्र अजून वाटतं की तिच्या बाबांनाच त्यांच्या कामाची लाज वाटली. तिला खरं सांगायला मी दोनदा ऐरोलीपर्यंत गेलो, आणि दोन्ही वेळा तिची खुशाली विचारून परत आलो.