उजव्या पायाचं सोंग

सातवीत माझी डावी नडगी दुखायची. दोन-तीन आठवडे ठणकायची, मग आपोआप थांबायची. घरचे म्हणायचे, वाढीचं दुखणं. दुखण्याचे फायदे मात्र भरपूर होते. पीटीला सुट्टी, आणि कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिनलिफ्टच्या इमारतीत तीन मजले माझं दप्तर आजोबा चढवायचे. म्हणून ठणका थांबला तरी मी लंगडणं थांबवलं नाही. एवढं छान चाललेलं कोण मोडेल?

आजोबा गणिताचे निवृत्त शिक्षक. कॉप्या पकडण्यात हयात गेलेली. एका संध्याकाळी मैत्रिणीशी गप्पांच्या नादात मी चुकून उजव्या पायाने लंगडले, आणि आजोबा नेमके गॅलरीत उभे होते.

"सकाळी डावा, संध्याकाळी उजवा? पायांना पाळ्या लावून दिल्यास वाटतं!"

दप्तर परत माझ्या पाठीवर आलं. पुढच्या खेपेला नडगी खरंच ठणकली, तेव्हा "सोंग पुरे" एवढंच ऐकायला मिळालं. चूक माझी होती, तरी राग त्यांचाच आला.

मग नडगी सुजली आणि घर हादरलं. जंतूंचा संसर्ग समजून महिनाभर अँटिबायोटिक्स झाली, फरक शून्य. हाडाचा तुकडा काढून तपासला. कॅन्सर नाही, जंतूही नाहीत. शेवटी ठाण्यात लहान मुलांचे सांधे-हाडं बघणाऱ्या डॉक्टरबाईंनी सगळ्या अंगाचा एमआरआय करायला लावला. मशीनचा आवाज असा, जणू टेंभी नाक्यावरच्या दहीहंडीचे स्पीकर कानाशी, आणि हलायचं मात्र नाही!

"जंतू नसतानाही शरीर स्वतःच हाडांना सूज आणतं," बाई म्हणाल्या. "येते, जाते, म्हणून पटकन सापडत नाही." त्यांनी फोटोवर एकेक जागी बोट ठेवलं. डावी नडगी, गळ्याजवळचं हाड आणि उजवी नडगीसुद्धा.

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. मी तोंड उघडायच्या आत आजोबा म्हणाले, "उजवाही दुखत होता तिचा. मीच ऐकलं नाही."

गोळ्या सुरू झाल्या, पुढे सलाइनमधून औषध दिलं. माझा ठणका ओसरला, पण आजोबा बिघडले. गृहपाठ राहिला तरी रागावेनात. दप्तर तर मागायच्या आधीच उचलायचे. लाड मला हवेच होते, पण हे लाड नव्हते. ते मला घाबरत होते, आणि मला ते बघवेना.

एका रविवारी मी सांगून टाकलं, "आजोबा, तेव्हा उजवा पाय दुखत नव्हता. नाटकच होतं."

"मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलू नकोस, बाळा."

जन्मात पहिल्यांदा मी आपणहून खरं बोलले, तर ही गत! मग मी उठले, दप्तर पाठीला अडकवलं आणि हॉलभर तसंच लंगडून दाखवलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

आजोबांनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला आणि निरखून पाहिलं.

"टाच इतकी उचलत नव्हतीस तेव्हा," ते म्हणाले. "नीट कर. आणि झालं की गणिताची वही घेऊन ये."